सगळ्यात स्वच्छ रकाना

आपण कॉलेज सोडून जाणार आहोत, ही बातमी शंकीला कॉलेजच्याच वेबसाइटवरून कळली. फी भरलेली, हजेरी ठीकठाक, मागच्या सत्राचे सगळे विषय सुटलेले, आणि तरी नावापुढे एक लाल टिकली. टिकलीवर दाबलं की खाली चौकट उघडायची: 'शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता – अतिशय जास्त.' तिने पान बंद करून पुन्हा उघडलं. टिकली हलायला तयार नव्हती.

शंकी हे काही तिचं खरं नाव नाही. तास संपताना सर 'काही शंका?' म्हणायचे आणि सगळा वर्ग दप्तर आवरत असताना हिचा हात वर जायचा. पहिल्याच वर्षी बारसं झालं. तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

ती शिकत होती माहिती प्रणाली आणि व्यवसाय विश्लेषण. घरात हे नाव एका दमात कोणालाही घेता येत नसे. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचे. गिऱ्हाईकाने विचारलंच तर सांगायचे, कॉम्प्युटरचं आणि धंद्याचं मिळून काहीतरी आहे. काकू दरवेळी तोच सवाल टाकायची: वकिलीला गेलेला वकील होतो, नर्सिंगला गेलेली नर्स होते, तू शेवटी होणार कोण? शंकीकडे उत्तर नव्हतं, कारण विभागाकडेही नव्हतं. कॉम्प्युटरवाली पोरं यांना हिशेबनीस म्हणायची आणि हिशेबवाली पोरं कॉम्प्युटरवाले. काकूचं कॉम्प्युटरशी एवढंच नातं, की घरातला प्रिंटर अडला की शंकीला बोलावणं यायचं.

पण तिला हा विषय आवडायचा, हे खरं. हजारो नोंदींचा ढिगारा समोर पडलेला असावा, तो चाळत, घासत, जुळवत बसावं आणि हळूहळू त्यातून कशाचा तरी चेहरा वर यावा, या गोष्टीचं तिला वेड होतं. म्हणून तर तिचा जास्त जीव जळला.

कारण ही लाल टिकली कुठून आली हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती तिच्याच गटाने जन्माला घातली होती.

मागच्या सत्रात प्रकल्पासाठी गट पडले. हिच्या गटात तिघं. एक लीडर, त्याला कोणी लीडर नेमलं नव्हतं, पण तो पहिल्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट घालून सरांच्या पुढ्यात बसायचा, त्यामुळे झाला. दुसरा पाहुणा. गटाच्या कामाला तो पाहुण्यासारखाच यायचा, बसायचा, विचारपूस करायचा आणि जायचा. तिसरी शंकी, म्हणजे काम करणारी. विभागप्रमुख सरांनी विषय दिला: पोरं मध्येच कॉलेज सोडतात, व्यवस्थापन आमच्या डोक्यावर बसलंय, तर कोण सोडणार हे आधीच सांगणारं मॉडेल बनवा. कॉलेजच्या मागच्या वर्षांच्या नोंदी त्यांनी मिळवून दिल्या.

नोंदी कसल्या, चिंध्या होत्या. हजेरी म्हणाल तर निम्मे शिक्षक महिनाअखेरीला बसून सगळ्या वर्गाला हजर करून टाकतात. ग्रंथालयाचं मशीन बंद पडलं की पुढचं सत्र उजाडेपर्यंत बंद. गुण उशिरा यायचे आणि येऊन परत बदलायचे. रकान्यांना भोकंच भोकं. एकच तक्ता अखंड निघाला: कॅन्टीनचा. कारण कॅन्टीनमध्ये कार्ड टेकवल्याशिवाय चहाचा ग्लाससुद्धा पुढे सरकत नाही. एक जागा रिकामी नाही, एक आकडा तिरका नाही. लीडरला घबाड सापडल्यासारखं झालं. म्हणाला, हा रकाना सगळ्यात स्वच्छ आहे, याच्यावरच उभं करू.

केलं उभं. मागच्या मुलांच्या वर्षभराच्या कॅन्टीन नोंदी घातल्या आणि कोण राहिलं, कोण गेलं तेही मॉडेलला सांगितलं. मॉडेल चौऱ्याण्णव टक्के अचूक निघालं. लीडरने खुर्चीवरून उठून हात मिळवला. पाहुणा त्या दिवशी नेमका आलेला होता, त्यानेही मिळवला.

शंकी तेव्हाच बोलली होती. जो मध्येच निघून गेला, त्याचं कार्ड पुढे गप्पच राहणार. तो तोंड फिरवून गेलाय, चहा प्यायला परत कसा येईल? कार्ड गप्प पडलं म्हणून तो गेला नाही. तो गेला म्हणून कार्ड गप्प पडलं. लीडर म्हणाला, अचूकता बघ की. तिने अहवालात यावर एक पान लिहिलं. लीडरने त्याचा परिच्छेद केला, मग परिच्छेदाची तळटीप केली, आणि शेवटी पानांची मर्यादा आहे म्हणून तळटीपही काढली. सर म्हणाले, शंका चांगली आहे, पण निकाल स्वतः बोलतोय.

थोडक्यात, जो कॉलेज सोडून गेला तो कॉलेजात चहा पीत नाही. एवढं शोधून काढायला तीन पोरं, एक विभागप्रमुख आणि एक अख्खं सत्र लागलं. आणि या शोधावर व्यवस्थापन इतकं खूश झालं, की त्यांनी तो कॉलेजातल्या झाडून सगळ्या पोरांना लावला.

शंकीचा डबा घरून यायचा. चहाचा थर्मासही घरून यायचा, कारण कॅन्टीनचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी हे आईचं मत पहिल्या वर्षापासून कायम होतं. लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर डबेवाल्या पोरापोरींचा अड्डा होता, तिथे ती जेवायची. त्या दुपारी पायऱ्यांवर जो तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला. हा लाल, ती लाल, तो वरच्या पायरीवरचा स्कॉलर, तोही लाल. आणि पाहुणा? सत्र सुरू झाल्यापासून तो एका तासाला बसला नव्हता. कॅन्टीनचं शटर वर जाताना आत शिरायचा तो खाली येताना बाहेर पडायचा. तो अख्ख्या कॉलेजात सगळ्यात हिरवा.

"मी या संस्थेचा आधारस्तंभ आहे," पाहुणा म्हणाला. "मॉडेलनेच सांगितलंय."

हसण्यावारी नेता आलं असतं, पण शेवटच्या सत्रात कंपनीत काम करायला जावं लागतं, ते केल्याशिवाय पदवी नाही. आणि सरांनी जाहीर केलं, की कंपन्यांकडे फक्त हिरव्या मुलांची यादी जाईल. म्हणाले, मध्येच पळून जाणारी पोरं पाठवून मला नाक कापून घ्यायचं नाही. लाल म्हणजे आणखी वर्षभर घरी. तीन वर्षं घासली आणि आता चहा प्यायली नाही म्हणून शंकीचं वर्ष जाणार होतं.

ती आधी लीडरकडे गेली. तो परिषदेत वाचायच्या निबंधाची चित्रं रंगवत बसला होता. निबंध या मॉडेलवरच होता: सरांचं नाव पहिलं, लीडरचं दुसरं, शंकीचं शेवटचं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, यात एवढं आकांडतांडव कशाला, आठवडाभर चहा पी, हिरवी होशील. तो हे गंमत म्हणून बोलत नव्हता. मॉडेल चुकीचं आहे आणि चहा प्यायला की काम होतं, या दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या.

मग लाल मुलांसाठी सक्तीचं समुपदेशन. समुपदेशक बाई स्वभावाने चांगल्या होत्या, त्यामुळे जास्तच राग आला. त्यांनी विचारलं, घरी काही ताण आहे का. नाही. अभ्यास झेपत नाही का. झेपतो. मैत्रिणी आहेत का. आहेत. मग कॅन्टीनमध्ये अवघडल्यासारखं होतं का? शंकी म्हणाली, मी कॅन्टीनमध्ये जातच नाही, माझ्याजवळ डबा असतो. बाईंनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, मन मोकळं करायला वेळ लागतो. शंकी बाहेर आली आणि तिने जिन्याच्या कठड्यावर इतक्या जोरात हात आपटला, की मनगट दोन दिवस ठणकत होतं.

घरी सांगितलं तर आईला भलतंच लागलं. माझ्या डब्यामुळे पोरगी लाल? एवढ्या पहाटे उठून मी करते ते यांना खुपतं का? तिने दुसऱ्या दिवशी डबा दिला नाही, तिसऱ्या दिवशी दुप्पट भरून दिला. बाबांनी जेवता जेवता विचार केला आणि निकाल दिला: पी चहा आणि मोकळी हो. तुला तिथे जन्म काढायचाय का?

म्हणजे सगळ्यांचं एकमत होतं. ज्याला कळतं त्याचं आणि ज्याला कळत नाही त्याचंही.

शेवटी गेली ती कॅन्टीनला. मधली सुट्टी होती. दारातच थबकली, कारण रांगेत सगळे पायऱ्यांवरचे उभे. स्कॉलर होता, त्याच्या मागे जोशाने वाद घालणारी दुसऱ्या वर्षाची एक जोडगोळी होती. जो तो कार्ड टेकवायचा, ग्लास घ्यायचा, कोपऱ्यातल्या बेसिनकडे जायचा आणि चहा ओतून द्यायचा. परत रांगेत. बेसिनमध्ये तपकिरी पाणी साचलं होतं आणि चहावाला ग्लासांवर ग्लास भरत होता. धंदा तेजीत होता, तो कशाला विचारतोय. पाहुणा कोपऱ्यातल्या टेबलावरून हे सगळं बघत होता. त्याने तिला हाक मारली, कार्ड दे म्हणाला, मी इथेच असतो, दिवसभर टेकवत राहीन, तू जा लॅबमध्ये. मित्र म्हणून तो चांगलाच होता. शंकीचा हात खिशाकडे गेलासुद्धा.

रांगेत मफलर दिसत नव्हती. मफलर म्हणजे पहिल्या वर्षाची एक पोरगी. बारा महिने गळ्याभोवती मफलर आणि तोंडाने फटकळ. पायऱ्यांवर शंकीच्या खालच्या पायरीवर बसायची आणि हिच्याकडून सूत्रं समजावून घ्यायची. शंकीने तिचं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा स्कॉलरने हातातला ग्लास खाली ठेवला. कॉलेजने लाल मुलांच्या घरी फोन केले होते. 'आपल्या पाल्याची शिक्षण सोडण्याची शक्यता जास्त दिसते, कृपया लक्ष द्यावे.' मफलरच्या बापाला आधीपासून पोरगी शिकायला नको होती, त्याला निमित्तच पाहिजे होतं. म्हणाला, कॉलेजच सांगतंय हिचं मन लागत नाही, मग पुढच्या आठवड्यात येतो दाखला न्यायला.

शंकीने कार्ड खिशातच ठेवलं आणि सरळ सरांची केबिन गाठली.

सर मूर्ख नव्हते, हे इथे सांगायला हवं. मूर्ख असते तर बरं झालं असतं. तिने कागदावर दोन रेघा काढून सगळं पुन्हा मांडलं: हा माणूस गेला ती तारीख, ही त्याची त्यानंतरची कॅन्टीन नोंद, शून्य. तुमचं मॉडेल पुढचं सांगत नाही, घडून गेलेलं ओळखतंय. वर जे डबा आणतात त्यांना ते गेलेल्यांत धरतंय. सरांनी पेन खाली ठेवलं.

"मला हे कळत नाही असं वाटलं का तुला?"

 ही शक्यता शंकीने धरलीच नव्हती.

सर समजुतीने बोलू लागले. निबंधात मर्यादा म्हणून एक वाक्य घालू. पुढच्या वर्षी नोंदी सुधारल्या की मॉडेलही सुधारू. व्यवस्थापनापुढे एकदा मांडलेली गोष्ट अशी अर्ध्यात मागे घेता येत नाही, विभागाची इभ्रत जाते. विभाग गेला तर तुमच्या पदवीला विचारतो कोण? आणि तसं बघायला गेलं तर मॉडेल अगदीच वाया नाही. या महिन्यात तीन मुलं दाखला घेऊन गेली. तिन्ही लाल होती.

"सर, ती तुमच्या फोनमुळे गेली."

"त्याला पुरावा काय?"

हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनकडे बघत त्यांनी काहीतरी शोधलं, दोनदा दाबलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिच्या नावापुढची टिकली हिरवी झाली होती. म्हणाले, झालं तुझं काम. आज संध्याकाळच्या यादीत नाव जाईल. हुशार मुलगी आहेस, आता अभ्यासाला लाग.

शंकीच्या तोंडून आधी 'थँक यू सर' निघालं. सवय, दुसरं काय. ते शब्द तोंडातून गेले आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, बाकीच्यांचं पण करा. सर म्हणाले, सगळे हिरवे केले तर मॉडेल कशाला ठेवायचं? तिने म्हटलं, मग माझं परत लाल करा. सरांनी खांदे उडवले: तशी सोय नाही, एका नावाचा रंग हाताने एकदाच बदलता येतो, तुझा बदलून झाला.

ही सोयसुद्धा लीडरनेच बनवली होती.

ती लॅबमध्ये जाऊन बसली. कंपनीच्या यादीत जागा मिळाली होती. ज्यासाठी जिवाची तगमग चालली होती ते हातात आलं होतं, आणि तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. आता बोलली असती तर लोक म्हणाले असते, हिचं काय जातंय बोलायला. नाही बोलली असती तर मफलर घरी बसली असती, तिचं जाणं मॉडेलच्या खात्यात बरोबर म्हणून जमा झालं असतं, आणि चौऱ्याण्णवचे पंच्याण्णव टक्के. शंकीने नवं पान उघडलं. मग लिहायला घेतलं.

एकच पान लिहिलं. बोजड शब्द एक नाही. तुमची टिकली लाल का आहे, ती चुकीची का आहे, सरांना ते माहीत आहे, मला त्यांनी गुपचूप हिरवं केलं आहे, आणि मॉडेल बनवणाऱ्यांत मी होते. खाली लिहिलं, उद्या सकाळी कॉलेज उघडलं की सरांच्या केबिनपुढे भेटू, ज्यांच्या घरी फोन गेला त्यांनी घरच्यांनाही आणा. पायऱ्यांवरच्या ग्रुपवर टाकलं आणि पुढे पाठवा म्हटलं. मग तेच पान परिषदवाल्यांना पाठवलं, निबंधावरचं माझं नाव काढा असं वर जोडून.

लीडरचा फोन घरी पोचेपर्यंत आला. सुरुवातीला तो ओरडला, मग रडवेला झाला. त्याचं म्हणणं होतं, तू हिरवी झालीस ना, मग आमच्या पोटावर पाय कशाला? शंकीला त्याची खरंच कीव आली. तीन वर्षं शेजारी बसून शिकलेला पोरगा, आणि त्याला हा प्रश्न बरोबर वाटत होता.

बाबांनीही जेवताना तेच विचारलं, फक्त हळू आवाजात.

"तुझं काम झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मग?"

तिने खाली बघून जेवण पुरं केलं. आई मध्ये पडली नाही. पण भांडी घासताना ती म्हणाली, उद्या डबा किती जणांचा करू?

सकाळी शंकीला वाटलं होतं, चारपाच जण येतील. केबिनपुढचा व्हरांडा भरला होता. पायऱ्यांवरचे होते, पण कधी न पाहिलेली तोंडं त्याहून जास्त: लांबून येणारी पोरं, उपास धरणारी, पोटाचं दुखणं असलेली, नुसतीच चहा न पिणारी. कोणी आईला आणलं होतं, कोणी थोरल्या भावाला. पाहुणाही आला होता. कॅन्टीन सोडून त्या तासाला तो दुसरीकडे दिसल्याचं कोणाच्याच आठवणीत नव्हतं. शिपाई केबिनच्या दाराला पाठ लावून सांगत होता, सर मीटिंगमध्ये आहेत. आतून सरांच्या एकट्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. शिपायालाही तो ऐकू येत होता, त्यामुळे तो कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

पोरं खाली बसायला लागली. मफलर भिंतीशी बसली होती आणि तिच्याजवळ तिचा बाप उभा, हातात पिशवी, कपाळावर आठ्या. दाखला न्यायला आला होता की जाब विचारायला, त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. बहुधा त्याचंही ठरलं नसावं.

शंकी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मफलरने मान वर करून तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू तर हिरवी आहेस ना? तुझं इथे काय काम?"

रात्री अंथरुणात शंकीने याचं चांगलं लांबलचक उत्तर तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"सरक जरा," ती म्हणाली.

मफलर सरकली. फार नाही, बसता येईल इतकी. शंकी दाटीवाटीने बसली. बापाने दाराकडे बघितलं, शिपायाकडे बघितलं आणि मग या नव्या पोरीकडे वळून पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हे तुमचे सर बाहेर येणार तरी कधी?"

"येतील," शंकी म्हणाली. "आत संडास नाहीये."

 बापाने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून मांडी घातली.